तेलात पाणी घालून जाळणं, जादू नाही पण थापही नाही

दर काही दिवसांनी कोणीतरी मला तोच तो व्हिडिओ पाठवतं. फर्नेस ऑइलमध्ये पाणी मिसळलंय, बर्नर चालू आहे, ज्योत एकदम स्वच्छ, चिमणीतून धूर दिसत नाही, आणि खाली लिहिलेलं असतं की इंधनात १५ ते २० टक्के बचत. आणि सोबत प्रश्न, हे खरं असतं का? व्हिडिओतली ज्योत बऱ्याचदा खरी असते, खालचं वाक्य बहुतेक वेळा खोटं असतं. बॉयलर-बर्नरच्या कामात असल्यामुळे मला हे प्रत्येकाला फोनवर वेगवेगळं समजावत बसावं लागतं, म्हणून आता एकदाच सगळं लिहून टाकतो, जरा लांबेल.

आधी तेलाबद्दल. क्रूडमधून, म्हणजे कच्च्या तेलातून, पेट्रोल, रॉकेल, डिझेल असं सगळं चांगलं काढून घेतलं की तळाशी जे काळं, दाट, चिकट उरतं ते म्हणजे जड तेल, फर्नेस ऑइल त्यातलंच. थंड असताना ते धड वाहतही नाही. जहाजांवर वापरतात त्या नेहमीच्या ग्रेडची व्हिस्कॉसिटी, म्हणजे वाहायला किती घट्ट त्याचं माप, ५० अंश सेल्सिअसला ३८० सेंटिस्टोकपर्यंत असते आणि बर्नरच्या नोझलला, म्हणजे तेल फवारणाऱ्या तोटीला, साधारण १५-२० लागते, म्हणजे तेल ११०-१२० अंशांपर्यंत तापवल्याशिवाय फवारताच येत नाही. इतकं तापवून, दाब देऊन फवारलं तरी जे थेंब होतात त्यातले बरेच १०० मायक्रॉनच्या (मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या) आसपास राहतात. आता हा थेंब ज्योतीत गेला की त्यातला हलका भाग उडतो आणि पटकन जळतो, पण अ‍ॅस्फाल्टीन वगैरे जे जड रेणू आहेत ते उडत नाहीत, ते जागच्या जागी भाजून त्याचा कोक, म्हणजे टणक कार्बन, होतो. आतून वायू सुटत असल्यामुळे हा कोक पोकळ, भोकाभोकांचा गोळा बनतो आणि तो जळायला इतका वेळ लागतो की तोपर्यंत भट्टी संपते, गोळा बॉयलरच्या पाण्याच्या ट्यूबवर जाऊन बसतो किंवा चिमणीतून बाहेर. फर्नेस ऑइलच्या काजळीत हाताला जी खरखर लागते ना, ती बऱ्यापैकी या गोळ्यांची असते.

म्हणजे मूळ अडचण थेंबाच्या आकाराची आहे. थेंब जळायला लागणारा वेळ त्याच्या व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात जातो. १०० मायक्रॉनच्या एका थेंबाचे १० मायक्रॉनचे थेंब केले तर ते हजार होतात, एकूण पृष्ठभाग दहापट होतो आणि जळायचा वेळ शंभराव्या हिश्श्यावर येतो. पण नोझलने इतका बारीक फवारा करायचा म्हटलं तर दाब कुठल्या कुठे न्यावा लागेल.

इथे पाणी कामाला येतं, आणि तेही तेलात मोकळं फिरणारं पाणी नाही, तर ५-१० मायक्रॉनच्या कणांच्या रूपात तेलाच्या पोटात अडकवलेलं. अशा मिश्रणाला इमल्शन म्हणतात. नोझलमधून १०० मायक्रॉनचा थेंब बाहेर पडला आणि त्यात आकारमानाने १० टक्के पाणी ५ मायक्रॉनच्या कणांमध्ये असेल तर हिशेबाने त्या एका थेंबात ८०० पाण्याचे कण बसतात. भट्टीत थेंब तापायला लागतो. आतलं पाणी १०० अंशांना उकळायला पाहिजे पण उकळत नाही, कारण चारही बाजूंनी तेल आहे, वाफेचा पहिला बुडबुडा धरायला जागाच नाही. मग ते पाणी द्रव अवस्थेतच २०० अंशांच्या वर जातं आणि एका क्षणी सगळं एकदम वाफ होतं. पाण्याची वाफ झाली की आकारमान हजार पटीहून जास्त वाढतं. तापलेल्या तेलात पाण्याचे शिंतोडे पडल्यावर जे तडतडतं तेच हे, फक्त एकेका थेंबाच्या पोटात. थेंब फाटतो आणि त्याचे बारीक तुकडे होतात. याला मायक्रो-एक्स्प्लोजन म्हणतात, आणि १९६० च्या दशकात सोव्हिएत युनियनमधल्या इवानोव आणि नेफेदोव या दोघांनी इमल्शनचे थेंब जाळून हे दाखवलं, तेव्हापासून लोक यावर पेपर लिहितायत. म्हणजे व्हिडिओवाल्यांचा 'नवा शोध' चांगला साठीतला आहे.

तर पाणी इथे नोझलचं अर्धवट राहिलेलं काम पूर्ण करतं. बस, एवढंच. पाणी जळत नाही, पाण्यातून हायड्रोजन निघून तो जळतो आणि फुकटची उष्णता मिळते असंही काही नाही. यावर लगेच कोणीतरी म्हणतं की तापलेल्या कार्बनवर वाफ गेली की कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन होतात, हे तर पुस्तकात आहे. आहे ना, पण ती अभिक्रिया उष्णता खाते, आणि पुढे ते दोन्ही वायू जळून जे परत मिळतं ते खाल्लेल्याची भरपाई अधिक त्या कार्बनची स्वतःची उष्णता, त्यापेक्षा एक ज्यूल जास्त नाही. कोकचा गोळा लवकर संपायला मदत होते हे मान्य, पण पाण्याचं इंधन झालं असं कोणी सांगितलं तर चहा पाजून वाटेला लावावं.

आता पाण्याने किती खाल्लं ते बघू. एक किलो इमल्शन घ्या, ९०० ग्रॅम तेल आणि १०० ग्रॅम पाणी. तेलाची उष्णता किलोला ४०,००० किलोज्यूल धरली तर आपल्याकडे ३६,००० आहेत. १०० ग्रॅम पाण्याची वाफ करायला २४४ च्या आसपास आणि ती वाफ चिमणीच्या तापमानापर्यंत, समजा २५० अंश, न्यायला अजून ४०-४५. एकूण २९० च्या जवळपास गेले, म्हणजे ०.८ टक्के. हा तोटा नक्की होणार, त्यात वाद नाही, कारण ती वाफ चिमणीतून वाफ म्हणूनच बाहेर जाते.

मग कमाई कुठून? जास्तीच्या हवेतून. थेंब मोठे असले की बर्नर काळा धूर मारतो, मग ऑपरेटर काय करतो तर डॅम्पर, म्हणजे हवेची झडप, उघडतो, हवा वाढवतो, धूर जातो आणि सगळे खूश. पण ती जास्तीची हवा भट्टीत तापून चिमणीतून उष्णता घेऊन जात असते आणि ते कोणाला दिसत नाही. एक किलो तेलाला जळायला साधारण १४ किलो हवा लागते. इमल्शनमुळे ज्वलन सुधारलं आणि धूर न येता जास्तीची हवा ३० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आणता आली (म्हणजे चिमणीतला ऑक्सिजन ५ वरून साडेतीनच्या आसपास) तर किलोमागे १.४ किलो हवा तापवायची वाचली, २५० अंशांच्या चिमणीला ती ३१५ किलोज्यूल होते, परत ०.८ टक्के. म्हणजे पाण्याने जेवढं खाल्लं तेवढं हवेने दिलं, फिट्टंफाट. आणि हे कधी, तर कोणीतरी डॅम्पर खरोखर खाली आणला तर. इमल्शन सुरू केलं आणि हवा होती तिथेच ठेवली तर धूर कमी दिसेल आणि तेलाचं बिल थोडं वाढेल, हे मी होताना बघितलंय, आणि मालकाला ते पटवून देणं अवघड असतं कारण चिमणी स्वच्छ दिसत असते.

निव्वळ फायदा उरतो तो दोन ठिकाणी. एक म्हणजे न जळता जाणारा कार्बन, जो चांगल्या बर्नरवर मुळातच थोडा असतो आणि वाईट बर्नरवर बराच. दुसरा आणि जास्त खरा फायदा ट्यूबचा. काजळीचा थर बसला की उष्णता पाण्यापर्यंत पोचत नाही आणि चिमणीचं तापमान चढत जातं, ते २०-२२ अंश चढलं की साधारण १ टक्का कार्यक्षमता गेली असं आमच्यात धरतात. काजळी कमी तर दोन सफायांच्या मधल्या काळात तापमान कमी चढतं. हा फायदा पहिल्या दिवशी मोजता येत नाही, हळूहळू दिसतो, आणि म्हणूनच इमल्शनची मशीन विकणारे लोक त्याच्याबद्दल फार बोलत नाहीत, त्यांना दोन तासांत आकडा हवा असतो.

म्हणून माझं मत विचाराल तर फायदा किती हे इमल्शनवर कमी आणि तुम्ही आधी किती वाईट जाळत होता त्यावर जास्त अवलंबून आहे. ज्यांच्याकडे वाफेच्या जोराने तेल बारीक फवारणारा चांगला बर्नर आहे, तेलाचं तापमान नीट आहे, नोझल झिजलेलं नाही, ऑक्सिजन ३ टक्क्यांवर चालतोय, त्यांना इमल्शनने इंधन वाचेल अशी आशा मी तरी देणार नाही. ज्यांचा बर्नर धूर ओकतोय त्यांना फायदा दिसेल, पण त्यांना नोझल बदलूनही दिसेल, आणि नोझल फार स्वस्त पडतं.

हे जळणं 'क्लीनर' म्हणजे जास्त स्वच्छ असतं असं म्हणतात, तो शब्दही जरा सोलून बघावा लागतो. काजळी आणि धुरातले कण कमी होतात, हे पक्कं. नायट्रोजन ऑक्साइड म्हणजे नॉक्सचं दोन भागात आहे. हवेतला नायट्रोजन फार वरच्या तापमानाला ऑक्सिजनशी जुळून जो नॉक्स होतो तो कमी होतो, कारण पाणी ज्योतीची टोकाची गरमी उतरवतं. जहाजांच्या मोठ्या डिझेल इंजिनांमध्ये ढोबळ नियमच आहे की १ टक्का पाण्याला जवळपास १ टक्का नॉक्स कमी. इंजिनवाल्यांना म्हणूनच यात बॉयलरवाल्यांपेक्षा जास्त रस, त्यांचं दुखणं नॉक्स हेच आहे. पण जड तेलाच्या रेणूंमध्येही स्वतःचा थोडा नायट्रोजन असतो आणि त्यातून होणारा नॉक्स पाण्याला तितकासा दाद देत नाही. आणि सल्फर? सल्फर जेवढा तेलात तेवढाच धुरात. पाणी घातलं म्हणून तो कुठे जात नाही. जहाजांसाठी १ जानेवारी २०२० पासून इंधनातल्या सल्फरची मर्यादा साडेतीन टक्क्यांवरून अर्ध्या टक्क्यावर आली, त्या बाबतीत इमल्शनचा काडीचा उपयोग नाही, त्याला कमी सल्फरचं तेल नाहीतर स्क्रबर, म्हणजे धूर धुणारं यंत्रच लागतं. एक छोटा बाजूचा फायदा आहे तो असा की जास्तीची हवा कमी ठेवता आली तर सल्फर ट्रायऑक्साइड कमी होतो, आणि चिमणीच्या थंड टोकाला जे आम्लाने खाऊन टाकलेलं असतं ते थोडं वाचतं.

आता करायचं कसं. दोन प्रकारची इमल्शनं असतात आणि लोक हमखास घोळ करतात. एकात तेलामध्ये पाण्याचे कण असतात, दुसऱ्यात उलटं, पाण्यामध्ये तेलाचे कण. वर जे थेंब फुटायचं सांगितलं ते पहिल्या प्रकाराचं. ओळखायची सोपी युक्ती म्हणजे ग्लासभर पाण्यात एक थेंब टाकायचा, पसरून पाणी गढूळ झालं तर बाहेर पाणी आहे, गोळी तशीच राहिली तर बाहेर तेल. पहिल्या प्रकारात एक गंमत होते, व्हिस्कॉसिटी कमी न होता वाढते. पाणी पातळ, तेल घट्ट, मिसळल्यावर मधलं काहीतरी व्हायला हवं असं वाटतं, पण कणांची गर्दी झाली की वाहायला अडथळा होतो, त्यामुळे तेल आधीपेक्षा थोडं जास्त तापवावं लागतं. आणि तापवलं की पाणी उकळायला बघतं. १२० अंशांना पाणी द्रव ठेवायचं तर साधारण २ बार निरपेक्ष दाब हवा, म्हणजे हीटरपासून नोझलपर्यंत कुठेही दाब त्याखाली जाता कामा नये. पंपाच्या सक्शनला, रिटर्न लाइनवर, रिकाम्या होत असलेल्या डे टँकमध्ये (रोजच्या वापराच्या छोट्या टाकीत) हे लक्षात राहत नाही आणि मग लाइनमध्ये वाफ धरते, ज्योत उचक्या देते, आणि सगळा दोष इमल्शनला.

मिसळायचं यंत्र म्हणजे बहुतेक ठिकाणी रोटर-स्टेटर होमोजिनायझर, नाहीतर स्टॅटिक मिक्सर, कॅव्हिटेशन वाल्व, अल्ट्रासोनिक. नावं भारी असतात पण काम एकच, पाण्याचे कण बारीक आणि एकसारखे करणं. कण २० मायक्रॉनच्या वर गेले की ते एकमेकांत मिसळून तळाला बसतात, आणि पाण्याचा मोकळा गोळा बर्नरला पोचला की ज्योत विझते. तेच पाणी, तेवढंच पाणी, पण बारीक असेल तर मदत आणि गोळा असेल तर बर्नर आपोआप बंद. उलट कण एक मायक्रॉनच्या खाली नेले तर इमल्शन टिकाऊ होतं पण थेंब जोरात फुटत नाही. त्यामुळे 'आमचं मशीन नॅनो करतं' असं कोणी सांगितलं तर ते दर वेळी कौतुकाचं नसतं. एक साधा मायक्रोस्कोप घेऊन रोज एक स्लाइड बघायची सवय ठेवली तर ब्रोशरपेक्षा जास्त कळतं.

इमल्सिफायर, म्हणजे तेल-पाणी मिसळलेलं टिकवणारं रसायन, लागतो का? डिझेलमध्ये पाणी टिकवायचं असेल तर लागतोच, फ्रान्समध्ये अ‍ॅक्वाझोल आणि अमेरिकेत प्युरीनॉक्स या नावांनी असं डिझेल विकलं गेलं, दुधासारखं पांढरं दिसायचं. जड तेलात मात्र अ‍ॅस्फाल्टीनच हे काम करतात, पाण्याच्या कणाभोवती साल धरून बसतात आणि कण एकत्र येऊ देत नाहीत. रिफायनरीत क्रूड धुताना हीच साल फोडायला विजेचं क्षेत्र आणि रसायनं वापरावी लागतात, आणि जहाजावर तर तेलातलं पाणी काढायला सेंट्रिफ्यूज चोवीस तास फिरत असतो, तेलाच्या मानकात पाण्याची कमाल मर्यादाच ०.५ टक्के आहे. म्हणजे एकीकडे पाणी काढायचं आणि दुसरीकडे मोजून घालायचं, हे ऐकून नवीन मुलं हसतात. पण काढलेलं पाणी खारट, मोकळं, कितीही असणारं, आणि घातलेलं पाणी शुद्ध, बारीक आणि मोजलेलं. बर्नरच्या अगदी आधी लाइनमध्येच इमल्शन केलं आणि काही मिनिटांत जाळलं तर वेगळा इमल्सिफायर न घालताही भागतं. साठवून ठेवायचं असेल तर मात्र गोष्ट वेगळी.

पाणी कुठलं हा प्रश्न फार कमी लोक विचारतात आणि खरं तर तो पहिला विचारायला हवा. जड तेलात व्हॅनेडियम असतं. त्याला सोडियम भेटलं की जळताना दोघांची अशी संयुगं होतात जी कमी तापमानाला वितळतात, गरम धातूवर चिकटतात आणि त्याला खातात, सुपरहीटरच्या (वाफ आणखी तापवणाऱ्या) ट्यूब आणि इंजिनचे एक्झॉस्ट वाल्व हे नेहमीचे बळी. म्हणून पाण्यात सोडियम आणि क्लोराइड नको. आता बॉयलर हाउसमध्ये हाताशी असतं सॉफ्टनरचं, म्हणजे कडकपणा काढलेलं पाणी, आणि लोक म्हणतात हे तर शुद्ध आहे, बॉयलरला चालतं मग इथे का नाही. पण सॉफ्टनर कॅल्शियम काढून त्याच्या जागी सोडियमच घालतो! कडकपणा गेला, सोडियम वाढलं. इमल्शनला आरओ किंवा डीएम (क्षार काढलेलं) पाणी घ्या, नाहीतर वाफ थंड होऊन झालेलं पाणी, कंडेन्सेट.

उलट्या प्रकाराची, म्हणजे पाण्यात तेलवाली, सगळ्यात मोठी गोष्ट व्हेनेझुएलात घडली. ओरिनोको खोऱ्यातलं बिटुमेन, म्हणजे डांबरासारखं तेल, इतकं घट्ट की पाइपमधून नेणं मुश्कील, मग १९८० च्या दशकात तिथल्या सरकारी तेल कंपनीच्या संशोधन संस्थेने, इंटेव्हेपने, ७० टक्के बिटुमेन आणि ३० टक्के पाणी असं ऑरिमल्शन नावाचं इंधन काढलं. बाहेर पाणी असल्यामुळे ते न तापवताही पंपाने ढकलता यायचं, इथे पाण्याचा मुख्य उपयोग वाहतुकीचा. वरचा हिशेब इथे लावून बघा, ७०० ग्रॅम बिटुमेनची उष्णता २८,००० किलोज्यूल आणि ३०० ग्रॅम पाण्याची नुसती वाफ करायलाच ७३० च्या आसपास, म्हणजे अडीच टक्क्यांहून जास्त गेले. तरी चालायचं कारण माल मुळात स्वस्त होता. कॅनडातल्या न्यू ब्रन्सविकमध्ये डॅलहौसीचं वीज केंद्र १९९४ मध्ये त्यावर आणलं, डेन्मार्क, इटली, जपानमध्येही जाळलं. सल्फर पावणेतीन टक्क्यांच्या आसपास, त्यामुळे धूर धुवायची यंत्रणा लावावीच लागायची. नंतर व्हेनेझुएलाने ठरवलं की हेच बिटुमेन सुधारून क्रूड म्हणून विकण्यात जास्त पैसे आहेत आणि ऑरिमल्शन गुंडाळलं. न्यू ब्रन्सविकवाल्यांनी तोवर कोलसन कोव्हचं दुसरं केंद्र त्याच्यासाठी बदलायला घेतलं होतं, आणि पुरवठ्याचा पक्का करार हातात नव्हता, मग कोर्टकचेरी. तंत्र चाललं, इंधनच मिळेना.

ट्रायल घ्यायचीच असेल तर एक काळजी घ्या. विकणारा माणूस येतो, ट्रायलच्या आधी सौजन्य म्हणून बर्नर उघडून साफ करून देतो, नोझल बदलतो, हवा सेट करतो, आणि मग मशीन लावून आधीच्या महिन्याशी तुलना दाखवतो. वाढलेले आकडे खरे असतात, फक्त ते मशीनचे नसतात. म्हणून बर्नर आधी स्वतः पूर्ण नीट करून घ्या, चिमणीतला ऑक्सिजन, कार्बन मोनॉक्साइड, कागदावर पडणारा धुराचा डाग आणि तापमान लिहून ठेवा, आणि मग तोच लोड ठेवून एक दिवस पाणी चालू, एक दिवस बंद, असं आलटून पालटून घ्या. तेल पाणी मिसळायच्या आधीच्या मीटरवर मोजा, आणि लिटरमध्ये नाही तर किलोमध्ये, कारण तापमान बदललं की लिटर बदलतात. किलोमागे किती वाफ, एवढा एकच आकडा शेवटी बघायचा. मशीनची मोटर किती वीज खाते तेही त्यात धरा, ते कोणी स्वतःहून सांगत नाही.

आणि बंद करतानाचं राहिलं. बर्नर थांबवायच्या आधी पाण्याचा वाल्व बंद करून लाइनमधलं इमल्शन जळून जाईपर्यंत नुसत्या तेलावर चालवा. गरम लाइनमध्ये इमल्शन रात्रभर राहिलं तर दाब गेल्यावर तेल-पाणी वेगळं होतं, पाणी खाली बसतं, आणि सकाळी पहिल्यांदा नोझलला तेल नाही तर पाणीच पोचतं. रात्रपाळीच्या माणसाला हे सांगून ठेवा, शक्य असेल तर पाण्याचा सोलेनॉइड (विजेवर उघडबंद होणारा) वाल्व बर्नरच्या स्टॉप बटणाला जोडून मध्ये टायमर टाका, म्हणजे त्याच्या लक्षात राहायचीही गरज पडणार नाही.